आपणांस कळविण्यात येते की

नंदनवन वस्तीतली ती वरची खोली पाहायला मी गेले, तेव्हा मी आले आहे ही बातमी मला दारानेच दिली. बेल दाबली, तर आत काही वाजलं नाही. चौकटीवर अर्ध्या फूटपट्टीएवढी एक काळी पट्टी ठोकलेली होती. तिच्यात लाल ठिपके पेटले आणि अक्षरं एकामागे एक सरकायला लागली. 'आपणांस कळविण्यात येते की आपले आगमन झाले असून त्याबाबत संबंधितांस अवगत करण्यात येत आहे. कृपया प्रतीक्षा करावी.' नागपूरचा मे महिना, दुपारची वेळ, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, आणि मी एका अनोळखी दारात उभी राहून माझ्याच आगमनाचा मजकूर वाचते आहे. संपला की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. शेवटी मी दारावर थाप मारली. तेव्हा लुंगी-बनियनवरचे एक गृहस्थ कानावर पेन्सिल आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर आले.

"पूर्ण वाचलं काय?"

"हो."

"स्पीड बरोबर आहे ना? का हळू करू?"

भाडं किती, पाणी कधी येतं, यातलं त्यांनी काही सांगितलं नाही. मी 'थोडा जास्त करा' म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरले. खोली मात्र मिळाली. कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी नोकरीला होते, आणि कंपनीची बस त्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची. नाहीतर मी त्या घरात राहिले नसते, असं मी तेव्हा रोज म्हणायचे.

आमचे हे घरमालक एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. तिथेच लागले, तिथेच टक्कल पडलं, तिथूनच निवृत्त झाले. बाकीची माणसं रिटायर झाली की बगिच्यात जाऊन टाळ्या वाजवत हसतात, नाहीतर भजनी मंडळात पेटी धरतात. यांना मोबाइलवर कुठल्यातरी हिंदी व्हिडिओत ती एलईडीची चौकट दिसली. आगपेटीपेक्षा थोडी लहान, आठ आडव्या ओळी, आठ उभ्या रांगा, लाल ठिपके; अशा काही शेजारी शेजारी जोडल्या की झाली पट्टी. तिला एक छोटं बोर्ड जोडायचं, कॉम्प्युटरवरून त्यात प्रोग्राम भरायचा, की ठिपके सांगाल तसे पेटतात. कॉलेजची पोरं त्यावर हृदय काढतात, साप फिरवतात आणि परीक्षा आली की विसरून जातात. आमच्या घरमालकांनी त्यावर सरकारी पत्रव्यवहार सुरू केला. गल्लीत त्यांना सगळे डिस्प्लेकाका म्हणत, आणि त्यांना तो मान वाटे.

घरात एकही वस्तू मुकी राहिली नव्हती. टाकीला पट्टी, कूलरला पट्टी, गेटला पट्टी. तुळशीच्या कुंडीत ओल मोजणारा एक काटा खुपसलेला होता आणि वृंदावनावर मजकूर सरकत असे, 'सदर कुंडीत पाणी अपेक्षित आहे.' पाणी कोणी घातलं नाही. काका पट्टीचे सेल मात्र न चुकता बदलायचे. तुळस वाळून काडी झाली आणि पट्टी शेवटपर्यंत कळवत राहिली.

हीच त्यांच्या स्वभावाची गोम होती. एका रविवारी वरच्या टाकीतून पाणी वाहून माझ्या खोलीच्या पायऱ्यांवरून धबधब्यासारखं खाली यायला लागलं. मी धावत खाली गेले तर काका ओसरीत खुर्चीवर बसून पट्टी वाचत होते. 'आपणांस कळविण्यात येते की टाकी पूर्ण क्षमतेने भरलेली असून...' मोटरचं बटण त्यांच्या उजव्या हाताशी होतं.

"काका, मोटर बंद करा ना!"

"थांब वं पोरी. आधी मेसेज बरोबर येऊन राहिला का नाही ते पाहू दे."

मीच बटण बंद केलं. त्यावर ते म्हणाले, "आपलं काम कळवणं. पुढचं ज्याचं त्यानं पाहावं." हे वाक्य ते उपनिषदातलं असल्यासारखं म्हणायचे. आयुष्यभर आलेला कागद या टेबलावरून त्या टेबलावर कळवत राहिल्यावर माणसाचा असा समज होत असावा, की कळवलं की जगाचं भलं होतं.

कूलरचं सांगायलाच नको. त्याची गवताची जाळी सडली होती, पाण्याचा पंप अधूनमधून मान टाकायचा, आणि पंखा असा खडखडायचा की शेजारी दचकून उठावा. त्यावर काकांनी तापमानाची पट्टी लावली. तो आकडा पाहूनच घाम फुटायचा. जाळी बदला म्हटलं तर म्हणाले, "पण आकडा किती क्लिअर दिसते, ते पाह्य ना."

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्या आठ ठिपक्यांच्या उंचीत मराठी अक्षर बसवणं सोपं नसतं. डोक्यावरची वेलांटी, पायाचा उकार, आणि जोडाक्षर आलं की सगळा बाजार उठतो. काकांनी आलेख-कागदावर पेन्सिलीने एकेक अक्षर चौकटी भरून काढलं होतं. 'ळ' त्यांच्या मनासारखा येईना, तर त्याच्यावर ते कित्येक दिवस बसले. अक्षरं खरंच देखणी होती. मला राग यायचा तो याचाच. एवढी बुद्धी, एवढा सोस, आणि त्यातून लिहायचं काय, तर 'कृपया नोंद घ्यावी'.

या सगळ्या खटाटोपाला त्यांनी एक कारण शोधलं होतं. ते कारण म्हणजे काकू.

काकूंना ऐकू येईनासं झालं होतं. एकदम नाही, हळूहळू. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग भाजीवाल्याशी भावात घोळ व्हायला लागला, मग त्या माणसांच्या तोंडाकडे बघून बोलणं ओळखायला लागल्या. मी गेले तेव्हा त्यांना जवळ जाऊन ओरडलेलंच काय ते कळायचं. बाई फार हसतमुख. सांबारवड्या केल्या की पहिली ताटली माझ्या खोलीत यायची. बाकी भागात जिला कोथिंबीर म्हणतात, त्या सांबाराचं एवढं सारण भरलेली वडी मी त्याआधी खाल्ली नव्हती. देताना म्हणायच्या, "तू सांगू नको कशी झाली. नुसतं तोंड वाकडं-सरळ कर, मले समजते."

कानाच्या डॉक्टरने मशीन लावायला सांगितलं होतं. मुलगी अमरावतीला दिलेली, तीही मागे लागली होती. पण काका ऐकायला तयार नव्हते. मी एकदा विषय काढला.

"काकूंना मशीन काहून नाही घेऊन देत तुम्ही?"

"अन् मी काहून बसलो आहो इथं? घरात एवढी सिस्टीम उभी केली मी. उद्या ही कानात मशीन घालून हिंडली, तर लोक काय म्हणतीन? याले घरातला प्रॉब्लेम सॉल्व्ह करता नाही आला."

म्हणजे बायकोचे कान गेले ते गेले, पण यांच्या पट्ट्यांची इभ्रत राहिली पाहिजे.

मग सुरू झालं काकूंसाठीचं कळवणं. स्वयंपाकघरात वाफ ओळखणारा सेन्सर लावून दुधासाठी पट्टी बसवली. दूध वर आलं की मजकूर सुरू, 'आपणांस कळविण्यात येते की शेगडीवर ठेवण्यात आलेले दूध उतू जाण्याच्या मार्गावर आहे, तरी उचित कार्यवाही व्हावी.' काकू बिचाऱ्या पोळी लाटता लाटता वर बघत उभ्या राहायच्या. मजकूर दुधापर्यंत येईस्तोवर दूध ओट्यावरून खाली येऊन त्यांच्या पायाला चटका देऊन जायचं.

मी म्हटलं, "काका, नुसतं 'दूध' एवढंच येऊ द्या ना."

त्यांनी चष्मा वर केला. "नुसतं 'दूध'? त्याचा अर्थ काय काढन माणूस? दूध आणायचं आहे, का नासलं आहे, का मांजरीनं पेलं? असा तुटक शेरा आमच्या ऑफिसात कोणी मारला असता, तर साहेबानं फाइल तोंडावर फेकली असती. सुरुवात व्यवस्थित पाहिजे. समोरच्याले वाटलं पाहिजे, आपल्यालेच कळवून राहिले."

कुकरसाठी त्यांनी शिट्ट्या मोजणारी पट्टी केली. आवाज पकडणारा एक माइक, आणि पट्टीवर आकडा. दिसायला छान. पण घरं एकमेकांना लागून, आणि सकाळी सगळ्या गल्लीचे कुकर एकाच वेळी चढलेले. शेजारच्या वहिनींच्या शिट्ट्या आमच्या काकूंच्या खात्यात जमा व्हायला लागल्या. काकू आकडा पाहून गॅस बंद करायच्या आणि वरणातली डाळ दाताखाली टणटण वाजायची. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मोजणी बरोबर आहे. शिट्टी कोणाची, हा विषय वेगळा." कच्चं वरण त्यांनी निमूट खाल्लं, पण प्रोग्राम बदलला नाही.

या सगळ्यावर मी हसायचे, कारखान्याच्या बसमध्ये मैत्रिणींना नकला करून दाखवायचे. एका गोष्टीवर मात्र हसू यायचं नाही. मुलीचा फोन आला की तो काका घ्यायचे. पोरगी तिकडून बोल बोल बोलायची. समोर काकू खाटेच्या कडेला बसून नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. फोन संपला की काका त्यांच्याकडे वळून ओरडायचे, "मजेत आहे!" बस्स. उतू चाललेल्या दुधाला ज्या माणसाला दोन ओळी लागायच्या, तो लेकीचं अर्ध्या तासाचं बोलणं दोन शब्दांत उरकायचा. काकू मान हलवायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. मला त्या वेळी त्या पट्ट्या सगळ्या उचकटून गेटबाहेर फेकाव्याशा वाटायच्या.

मग मुलीला दिवस गेले. पहिलटकरीण, म्हणजे बाळंतपण माहेरी. काकूंनी तेवढ्यासाठीच जपून ठेवलेली जुनी मऊ लुगडी काढली आणि दुपटी शिवायला घेतली. डिंक आणवला, अळीव निवडले, पाळण्याला नव्या दोऱ्या बांधल्या. एवढ्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण अमरावतीहून निरोप आला, की सासूबाई काळजीत आहेत. बाळंतिणीचा डोळा लागला आणि लेकरू रडलं तर आजीला कळणार कसं? त्यापेक्षा बाळंतपण आम्ही इथेच करतो. काकांनी हा निरोप बायकोला कसा सांगितला कोण जाणे, पण त्या दिवशी काकू शिलाईमशीनवर हात ठेवून नुसत्याच बसून होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "एकच लेक आहे वं माही. तिचं बाळंतपणही माह्या हातून नाही होणार का?"

काका मात्र हरखले. आवक-जावक विभागात एवढा महत्त्वाचा कागद आजवर आला नव्हता. "विहीणबाईले म्हणा, एकदा येऊन सिस्टीम पाहून घ्या," म्हणाले आणि पाळण्याला पट्टी लावायला बसले.

विहीणबाई आल्या, सून बरोबर घेऊनच आल्या. ठसठशीत कुंकू, दणदणीत आवाज, आणि बोलणं अस्सल वऱ्हाडी. काकूंचा हात हातात घेऊन बसल्या. चहा झाला, तेव्हा म्हणाल्या, "हे पाहा भाऊ, विहीणबाईचा काई दोष नाही. पन लेकरू रडलं त यायले समजीन कसं, तेवढं सांगा."

"त्याचीच व्यवस्था केली आहे," काका उठले. घसा खाकरून त्यांनी पाळण्याच्या दांडीवरची पट्टी दाखवली, माइक दाखवला, वायरी दाखवल्या. सगळे समोर बसले. मलाही वरून बोलावून घेतलं होतं, साक्षीदार म्हणून. काकांनी मोबाइलवर बाळाच्या रडण्याचा आवाज लावला आणि मोबाइल दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला.

पट्टी पेटली. 'आपणांस कळविण्यात येते की...'

पण बाळ रडतं कसं? एक टाहो फोडतं, श्वास घेतं, मग पुन्हा टाहो. प्रत्येक नवा टाहो पट्टीला नवा कागद वाटायचा, आणि ती पहिल्यापासून सुरू करायची. आपणांस कळविण्यात येते की. टाहो. आपणांस कळविण्यात येते की. टाहो. मजकूर पुढे सरकेचना.

"थांबा, येऊन राहिलं. पुढं येऊन राहिलं," काका पाळण्यापाशी वाकून म्हणत होते. पाळण्यात ते बाळ जीव तोडून रडत होतं, आणि आम्ही पाच माणसं त्याच्या डोक्यावरची पट्टी वाचत होतो.

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. "भाऊ, तवरोक पोरगं बोलाले लागन. थे सोताच सांगन काय झालं थे."

मुलगी हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा कसा तरी झाला आणि तिने आईकडे पाहिलं. काकूंना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्या पट्टी वाचत होत्या, मनापासून, ओठ हलवत, पुढे काय येतं याची वाट बघत. मग त्यांचं लक्ष लेकीच्या डोळ्यांकडे गेलं. त्यांनी पाळण्यात हात घातला, दुपट्यातला मोबाइल काढला, उलटसुलट करून पाहिला आणि कानाला लावला. बराच वेळ लावला. काहीच ऐकू येईना.

ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या, सपाट आवाजात त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मले माह्या लेकीचं बाळ वाचायचं नाही. मले ते ऐकायचं आहे."

काका म्हणाले, "अवं, हा प्रोग्राममधला छोटासा फॉल्ट आहे, मी..." पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. विहीणबाई उठल्या, त्यांनी पर्स काखेत मारली. "चाला," त्यांनी काकूंना हाताने खूण केली, "कानाचा डॉक्टर काय अमरावतीलेच असते का?" तिघी त्याच संध्याकाळी गेल्या. काकांना चला म्हटलं तर ते म्हणाले, फॉल्ट काढल्याशिवाय उठता येत नाही.

काही दिवसांनी काकूंच्या कानात मशीन आलं. त्या दिवशी त्या घरभर हिंडत होत्या. नळ सोडून ऐकला, भांड्यावर भांडं वाजवून ऐकलं. शेजारच्या वहिनींच्या कुकरची शिट्टी झाली तर दचकल्या आणि मग खूप हसल्या. कूलर लावला तेव्हा मात्र कानावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं माय! एवढा बोंबलते हा? अन् तुम्ही सगळे यात झोपता?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः माणूस बोलावून कूलर दुरुस्त करून घेतला. तापमानाचा आकडा त्या दिवसापासून कोणी पाहिला नाही.

मुलगी माहेरीच बाळंत झाली. नात झाली. घरात धुरीचा आणि शेपांचा वास भरून राहिला. काकू तर त्या पोरीच्या प्रत्येक कुईकुईला उत्तर द्यायच्या. ती झोपेत जरा कण्हली तरी यांचं "काय वं माय, काय झालं?" सुरू. लेक म्हणायची, "आई, तिले झोपू दे ना." त्या म्हणायच्या, "झोपू दे ना, मी कुठं उठवून राहिली? मी तर नुसती ऐकून राहिली."

पाळण्याची पट्टी काकांनी काढली नव्हती. रोज त्यात काही ना काही सुधारणा चालायची. पण परीक्षा घ्यायची म्हटलं तर घेता येईना, कारण पोर रडली की पट्टी पेटायच्या आत काकू तिला उचलून मोकळ्या. काका चिडायचे. एका रविवारी सकाळी मी खाली बसले होते. मुलगी न्हायला गेली होती. पोर उठली आणि तिने सूर लावला. काकू पोळ्या टाकून धावल्या, पाळण्यात हात घातला, तर काकांनी त्यांचा हात धरला.

"थांब वं! उचलू नको. आता दुरुस्त केलं आहे मी. एकदा मेसेज पुरा होऊ दे, मग घे."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. पाळण्यात पोर लाल होऊन रडत होती. वर अक्षरं सरकायला लागली होती. मला वाटलं आता ही बाई ओरडणार, आणि मला ते हवंही होतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी हात सोडवून घेतला, नातीला उचललं, दुपटं नीट गुंडाळलं आणि ते सगळं गाठोडं काकांच्या हातात दिलं. "घ्या," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

काकांनी इतकी वर्षं लोखंडी कपाटं उचलली असतील, कागदांचे गठ्ठे उचलले असतील, पण ते पोर त्यांना धरता येईना. कोपर कुठे ठेवावं कळेना. एकदा या खांद्यावर घेतलं, एकदा त्या. पोर थांबायचं नाव घेईना. काका पाळण्याभोवती फिरत होते आणि त्यांच्या तोंडून चुच्-चुच् असा कसला तरी आवाज निघत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केले नाहीत.

"अवं!" त्यांनी आत हाक मारली. "हे थांबून नाही राहिलं ना! अवं, ऐकू येऊन राहिलं का नाही तुले?"

"येऊन राहिलं," आतून उत्तर आलं. "चांगलं ऐकू येऊन राहिलं."

आणि कोणी बाहेर आलं नाही. मी आत डोकावले, तर काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. हातात चहाची बशी होती, डोळे मिटलेले होते. त्या घोट घोट चहा पीत दोघांचंही ऐकत होत्या.